मनगट दुखतंय म्हणून ट्रॅकबॉल घ्यावा का?

ट्रॅकबॉल म्हणजे जागेवरून न हलवता, वरचा गोळा फिरवून वापरायचा माउसचा पर्याय. तो घेतला की हाताचं काम कमी होतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. काम तेवढंच राहतं. मनगट आणि पुढचा हात जे करत होते, ते अंगठा किंवा बोटं करायला लागतात. त्यामुळे ट्रॅकबॉलने आराम पडेल की नवंच दुखणं मागे लागेल, हे तुमचं आत्ताचं दुखणं कुठलं आहे यावर ठरतं. म्हणून आधी हाताबद्दल बोलू, यंत्राबद्दल नंतर.

नाशिकमध्ये मला हे विचारणारे बहुतेक जण एकाच दिनक्रमातले असतात. अंबड किंवा सातपूरच्या कंपनीत दिवसभर कॅडवर (कॉम्प्युटरवर आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरवर) ड्रॉइंग, संध्याकाळी इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर जेवण, आणि दहानंतर मित्रांबरोबर व्हॅलोरंट नाहीतर काउंटर-स्ट्राइक अशी नेमबाजीची गेम. मनगट दुखायला लागलं की दोष गेमवर जातो, घरचेही तेच ऐकवतात. पण ऑफिस कुठलं आणि गेम कुठला हे हाताला कळत नाही. त्याच्या हिशेबात सकाळी साडेनऊपासून मध्यरात्रीपर्यंत तोच माउस, तीच पकड आणि तीच हालचाल. दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात ऑक्टोबरची द्राक्षछाटणी भरात असते तेव्हा दिवसभर कात्री चालवणाऱ्यांची मनगटंही अशीच धरतात. तिथे कॉम्प्युटर नाही, गेम नाही. एकच हालचाल न थांबता होत राहते, एवढं कारण पुरतं.

मनगटात नेमकं काय असतं

डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा. कातडीखाली काहीतरी सळसळताना जाणवेल. बोटं वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू तिथे असतात. तिथून दोरीसारख्या कंडरा निघतात, मनगटातून जातात आणि बोटांच्या हाडांना चिकटतात. म्हणजे माउसचं एक बटण दाबायला कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत सगळी ओढाताण होते, आणि मनगट हा त्या रस्त्यातला सगळ्यात अरुंद भाग आहे.

तळहाताच्या बाजूला मनगटात एक बोगदा आहे. तळाला आणि बाजूंना मनगटाची छोटी हाडं (मनगटात ती एकूण ८ असतात) आणि वर छत म्हणून एक जाड, न ताणणारा पट्टा. या बोगद्यातून ९ कंडरा आणि एक नस जाते. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना सांभाळते. करंगळीची नस वेगळी, ती या बोगद्यातून जात नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता साध्या माउसवर हात ठेवा आणि मनगटाकडे बघा. तीन गोष्टी एकदम घडलेल्या दिसतात. तळहात जमिनीकडे पूर्ण पालथा झालेला असतो, त्यासाठी कोपराखालची दोन हाडं एकमेकांवर तिरकी चढलेली असतात. पंजा मनगटातून वर उचललेला असतो, कारण माउसला उंची असते आणि टेबलही बहुधा गरजेपेक्षा उंच असतं. आणि पंजा करंगळीच्या बाजूला कललेला असतो. ज्यांच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा भाग असतो त्यांचा माउस आणखी बाहेर सरकतो आणि खांदाही ताणला जातो. यातली कुठलीही एक स्थिती थोड्या वेळासाठी निरुपद्रवी आहे. तिन्ही एकत्र, तासन्‌तास, वर सामन्याच्या तणावात घट्ट आवळलेली पकड, हे मात्र जड जातं.

बोगद्यातला दाब प्रत्यक्ष मोजलेला आहे. कीर, बाख आणि रेम्पेल या संशोधकांनी १९९९ साली १४ निरोगी माणसांच्या मनगटात दाब मोजत त्यांना तीन वेगवेगळे माउस वापरायला दिले. वस्तू ओढून दुसरीकडे नेण्याचं काम करताना सरासरी दाब पाऱ्याच्या २९ ते ३३ मिलिमीटरच्या आसपास गेला, म्हणजे माउसवर हात नुसता ठेवलेला असतानापेक्षा सुमारे १२ ने जास्त. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की नुसतं बोट दाखवून क्लिक करण्यापेक्षा बटण दाबून धरून ओढताना दाब जास्त होता. एज ऑफ एम्पायर्ससारख्या गेममध्ये सैनिक निवडायला सतत चौकोन ओढावा लागतो, कॅडमध्येही तेच. ज्यांचा दिवस कॅडमध्ये आणि रात्र अशा गेममध्ये जाते त्यांनी हे मनावर घ्यावं.

पण लगेच घाबरूनही जाऊ नका. मनगट दुखलं की ‘कार्पल टनेल झालं’, म्हणजे या बोगद्यात नस दाबली गेली, असं म्हणायची पद्धत पडली आहे. डेन्मार्कमध्ये सुमारे ७ हजार कॉम्प्युटर वापरणाऱ्यांचा वर्षभर मागोवा घेणारा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माउसचा वापर आठवड्याला २० तासांहून जास्त असलेल्यांमध्ये मुंग्या येण्याच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या, तरी कॉम्प्युटर हा या आजाराचा मोठा धोका आहे असा निष्कर्ष निघाला नाही. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, गरोदरपण यांचा या आजाराशी संबंध जुना आणि पक्का आहे. खेळणाऱ्यांच्या तक्रारी बऱ्याचदा नसेच्या नसतात, कंडरांच्या आणि स्नायूंच्या असतात.

बोट ठेवून दाखवा, कुठे दुखतंय

माझा भाचा ‘मामा, मनगट गेलं’ म्हणत आला होता, ट्रॅकबॉल कुठला घेऊ हे विचारायला. दुखतंय तिथे बोट ठेव म्हटलं, तर त्याने अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला ठेवलं. नाशिक रोडहून कॉलेजला येता-जाता सिटीलिंकच्या बसमध्ये मोबाइलवर बीजीएमआय ही गेम, घरी रील्स, आणि रात्री माउस. त्याचा अंगठा दिवसभर राबत होता. अशा मुलाने अंगठ्याचा ट्रॅकबॉल घेतला असता तर त्याच अंगठ्यावर आणखी एक पाळी चढली असती.

अंगठ्याच्या मुळाशी होणाऱ्या या दुखण्याला डॉक्टर ‘डी क्वेर्व्हेन’ म्हणतात. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस सर्जननी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगठा बाहेर आणि वर नेणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका आवरणातून जातात, ते आवरण जाड होतं आणि कंडरा घासायला लागतात. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वाकवलं की तिथे जोराची चमक निघते. तुमची अशी चमक निघत असेल तर अंगठ्याचा ट्रॅकबॉल तुमच्यासाठी नाही.

दुखणं करंगळीच्या बाजूला असेल, माउस डावी-उजवीकडे हलवताना वाढत असेल, तर मात्र ट्रॅकबॉलकडून आशा ठेवायला जागा आहे, कारण तीच कडेची हालचाल तो काढून टाकतो. मनगटाच्या वरच्या बाजूला, हाताच्या पाठीकडे ठणकत असेल तर पंजा वर उचलून धरण्याचा त्रास आहे, आणि तिथे टेबल-खुर्चीची उंची आधी बघायची. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर तो टेनिस एल्बोचा प्रकार. सचिनला २००४ मध्ये झाला तेव्हा हे नाव आपल्याकडे घराघरांत पोचलं. पंजा आणि बोटं उचलून धरणारे स्नायू कोपराच्या त्याच जागी चिकटलेले असतात, त्यामुळे बॅट हातात न धरताही तो होतो, क्लिक करायच्या तयारीत बोट सतत अधांतरी ठेवल्यानेही होतो.

आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात, रात्री त्याने जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, पण करंगळी ठणठणीत असते? तर ती बोगद्यातली नस. तिथे ट्रॅकबॉलच्या आधी डॉक्टर.

ट्रॅकबॉल म्हणजे काय, आणि कुठला

ट्रॅकबॉल जागेवरून हलत नाही. वर बसवलेला गोळा फिरवला की पडद्यावरचा बाण हलतो. आतला सेन्सर माउसमध्ये असतो तसाच, फक्त तो टेबलाऐवजी गोळ्याच्या पृष्ठभागाकडे बघतो. कल्पना माउसपेक्षा जुनी आहे. ब्रिटिश नौदलाच्या रडार यंत्रणेसाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये ती मांडली. कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ च्या सुमारास बनवलेल्या यंत्रात तर बोलिंगचा खराखुरा चेंडू वापरला होता. डग्लस एंगेलबार्ट यांनी माउसचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं ते १९६८ मध्ये. गेमलाही ट्रॅकबॉल नवा नाही, अटारीची १९८० ची मिसाइल कमांड ही आर्केड गेम त्यावरच खेळली जायची.

आज मिळणारे दोन मुख्य प्रकार. अंगठ्याचा: आकार माउससारखा, गोळा डाव्या कडेला, बटणं नेहमीच्या जागी. लॉजिटेकचा एम५७५ हा यातला सर्रास दिसणारा. त्यांच्याच एमएक्स एर्गोला २० अंशांनी तिरका करता येतं, त्यामुळे पालथा तळहात थोडा उभा होतो. माउसवरून इकडे येणं सोपं, कारण बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही. गोळा अंगठा फिरवतो आणि बटण तर्जनी दाबते, त्यामुळे दाबून धरून ओढणंही सोपं जातं. अडचण एकच, सगळी अचूकता एकट्या अंगठ्यावर येते. अंगठा पकडण्यासाठी घडलेला आहे, तासन्‌तास बारीक नेम धरण्यासाठी नाही.

दुसरा बोटांचा: मोठा गोळा मधोमध, तो तर्जनी-मधलं-अनामिका यांनी फिरवायचा, बटण अंगठ्याने दाबायचं. केन्सिंग्टनचा एक्स्पर्ट माउस (नावात माउस आहे, पण आहे ट्रॅकबॉल) आणि स्लिमब्लेड यांचे गोळे ५५ मिलिमीटरचे, एलेकॉमच्या ह्यूजचा ५२ चा. काम तीन बोटांत वाटलं जातं, वाटल्यास अख्ख्या पंज्याने गोळा ढकलता येतो. केन्सिंग्टनचे हे दोन्ही ट्रॅकबॉल डावी-उजवीकडून सारखे असल्यामुळे डाव्या हातानेही चालतात. शिकायला जास्त वेळ लागतो आणि पहिले काही दिवस चुकीची बटणं दाबली जातात. तरीही दुखण्यासाठी म्हणून कुणी विचारलं तर मी बोटांचाच सुचवतो. यात एक सावधगिरी हवी. मोठ्या गोळ्याचे ट्रॅकबॉल पुढून उंच असतात, टेबलावर तसाच ठेवला तर पंजा आणखी वर वाकतो आणि पहिल्यापेक्षा वाईट स्थिती होते. तळहाताखाली मऊ आधार हवाच. घडी घातलेला नॅपकिनही चालेल, पंजा आणि कोपराखालचा हात एका रेषेत आला पाहिजे.

नेमबाजीच्या गेमचं गणित

इथे बहुतेक लोक निराश होतात, आणि कारण साधं गणिती आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्सिटिव्हिटी (माउस हलवल्यावर गेममधली नजर किती वळावी याची सेटिंग) १ असेल तर सेन्सरच्या प्रत्येक ठोक्याला (हालचाल मोजायचं त्याचं सगळ्यात लहान माप) नजर ०.०२२ अंश वळते. पूर्ण ३६० अंश फिरायला सुमारे १६,३६४ ठोके लागतात. डीपीआय ८०० म्हणजे एका इंचाला ८०० ठोके. तेव्हा पूर्ण फेरीसाठी माउस साधारण ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. मोठ्या मॅटवर कोपरातून हात फिरवणाऱ्याला ही काही अडचण नाही.

तीच सेटिंग अंगठ्याच्या ट्रॅकबॉलवर आणा. गोळा ३४ मिलिमीटरचा असला तर त्याचा परीघ जेमतेम १०.७ सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीसाठी गोळा जवळपास पाच वेळा फिरवायचा. अंगठा एका दमात फार तर तीन सेंटिमीटर ढकलतो असं धरलं, तर मागे आलेल्या शत्रूकडे नुसतं वळायला आठ-नऊ फटके. तोवर सामना संपलेला असतो. मग माणूस चिडून जोर लावतो आणि अंगठा दुखवून घेतो.

उपाय सेटिंगमध्ये आहे. सेन्सिटिव्हिटी माउसच्या दुप्पट-तिप्पट करा. ३ केली तर पूर्ण फेरी १७ सेंटिमीटरवर येते आणि अर्धं वळण अंगठ्याच्या तीन फटक्यांत होतं. ५५ मिलिमीटरच्या गोळ्याचा परीघ तर १७ सेंटिमीटरहून थोडा जास्त आहे, म्हणजे गोळ्याची एक फेरी ही गेममधली जवळपास एक फेरी. शिवाय जड गोळ्याला टिचकी दिली की तो स्वतःच्या वेगाने फिरत राहतो, बोट ठेवलं की थांबतो. माउसवर ही सोय नाही. वळणं टिचकीने आणि नेम बोटांच्या टोकांनी, अशी विभागणी एकदा अंगवळणी पडली की खेळ सुधारतो. हलत्या लक्ष्यावर नजर खिळवून ठेवण्यात ट्रॅकबॉल चांगला, झटक्यात नेम मारण्यात माउस पुढे, असं माझं मत आहे. स्पर्धेत वरच्या क्रमांकांवर खेळणाऱ्याला ही किंमत जड वाटेल. आवडीसाठी खेळणाऱ्याने मनगटासाठी ती आनंदाने द्यावी. सावकाश चालणाऱ्या गेममध्ये, शहरं वसवायच्या किंवा पाळीपाळीने चाल करायच्या, तर हा प्रश्न उद्भवतच नाही. विंडोजमधली ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही खूण नेमबाजीसाठी काढून टाका, नाहीतर गोळा किती फिरवला यापेक्षा किती वेगाने फिरवला यावर बाण हलतो आणि हाताला सवय लागत नाही.

पैसे घालवण्याआधी

फुकटात करण्यासारखं बरंच आहे, आणि ते ट्रॅकबॉल घेतल्यावरही करावंच लागतं. आपल्याकडे बरेच जण डायनिंग टेबलावर, हात नसलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून खेळतात. टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच, खुर्ची खाली, म्हणून कोपर लटकतं, मनगट वर वाकतं आणि टेबलाची धार नेमकी त्या बोगद्याखाली रुतते. खुर्चीवर उशी टाकून वर बसा, पाय अधांतरी राहिले तर खाली पाट ठेवा. कोपर टेबलाच्या पातळीला आलं पाहिजे. आकड्यांचा भाग नसलेला छोटा कीबोर्ड घेतला तर उजवा हात आपोआप आत येतो. माउसची सेन्सिटिव्हिटी कमी करून मनगट न हलवता कोपरातून हात फिरवून बघा, काहींचं दुखणं एवढ्यावरच उतरतं. पालथ्या तळहाताचाच त्रास असेल तर उभा माउस हाही पर्याय आहे, आणि तो शिकायला ट्रॅकबॉलपेक्षा सोपा आहे.

थंडीचंही बघा. नाशिकला जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि रात्री उशिरा उघड्या खिडकीशेजारी खेळणाऱ्यांची बोटं आखडलेली असतात. पहिल्या सामन्याआधी हात कोमट पाण्यात धरणं किंवा तळवे चोळून बोटं मोकळी करणं अंधश्रद्धा नाही, आखडलेला हात पकड जास्त आवळतो. मरून पुन्हा जिवंत होईपर्यंतचे जे काही सेकंद मिळतात त्यात माउस सोडा. मांडीवर हात सैल ठेवा. ही सवय मला कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाची वाटते.

ट्रॅकबॉल घेतलाच तर पहिल्याच रात्री सामन्यात उतरू नका. आधी रोजच्या कामात वापरा, मग सावकाश गेममध्ये, आणि मग नेमबाजीत. नीट हात बसायला काही आठवडे जातात. जुना माउस कपाटात टाकू नका. दिवसा कंपनीत माउस आणि रात्री घरी ट्रॅकबॉल, किंवा उलट, ही अदलाबदल हाताला सगळ्यात मानवते, कारण एकाच जागेवरचा भार मोडतो. या काळात अंगठ्याच्या मुळाशी किंवा बोटांच्या पाठीवर नवी कळ सुरू झाली आणि दोन-तीन दिवस विश्रांती घेऊनही गेली नाही, तर ते यंत्र तुमच्या हाताचं नाही. विकून टाका, जबरदस्तीने सवय लावू नका.

देखभाल किरकोळ. गोळा आत तीन बारीक मण्यांवर टेकलेला असतो आणि त्या मण्यांभोवती तंतू-धूळ जमते. गोळा अडखळायला लागला की तो काढा (बऱ्याच मॉडेलमध्ये खालच्या भोकातून पेन्सिलीने ढकलला की निघतो), मणी कोरड्या कापडाने पुसा. उन्हाळ्यात घामामुळे हे आठवड्याला करावं लागेल. कोरा गोळा मात्र सुरुवातीला चिकटून फिरतो. तो कपाळावर किंवा नाकावर फिरवून हलका तेलकट करायची पद्धत जुने वापरणारे पाळतात, आणि ती खरोखर लागू पडते.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं तेही सांगतो. रात्रीच्या मुंग्या, हातातून कप-चावी निसटणं, अंगठ्याखालची तळहाताची गादी दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसणं, सूज, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, किंवा हातांबरोबर पायही बधीर होणं. शेवटच्या तक्रारीत साखर आणि बी-१२ तपासायला सांगतील, शाकाहारी माणसांत बी-१२ कमी सापडणं नेहमीचं आहे. नसेचा संशय असेल तर नसेतून विद्युतलहर किती वेगाने जाते हे बघणारी एनसीव्ही तपासणी करतात. सुरुवातीच्या टप्प्यात बऱ्याचदा रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टाच देतात. तो झोपेसाठी असतो. तो बांधून खेळायला बसलात तर हात पट्ट्याशी झुंजत राहतो आणि जोर आणखी वाढतो. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये जा किंवा खासगी डॉक्टरांकडे, पण दिवसात किती तास माउस, किती तास मोबाइल आणि कुठल्या बोटांना मुंग्या येतात, एवढं कागदावर लिहून न्या. आणि शक्य असेल तर खेळायला बसलेल्या स्थितीत हाताचा बाजूने एक फोटो काढून तोही दाखवा, फिजिओथेरपिस्टना त्यावरून पुष्कळ कळतं.